व्हिडिओ कुठे थांबवायचा? प्राथमिक वर्गात शाब्दिक उदाहरणे शिकवणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

शाब्दिक उदाहरण फळ्यावर लिहून पुरे होण्याच्या आतच वर्गातून एक प्रश्न हमखास येतो: "सर, बेरीज करायची का वजाबाकी?" नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला हा प्रश्न निरुपद्रवी वाटतो. त्याचे उत्तर देऊन टाकले की वर्ग लगेच कामाला लागतो, वह्या भरतात आणि बहुतेकांची उत्तरेही बरोबर येतात. मात्र उदाहरण सोडवण्यातला जो खरा भाग, म्हणजे परिस्थिती ओळखून तिच्यासाठी योग्य क्रिया निवडणे, तो त्या क्षणी शिक्षकाने मुलांच्या वतीने उरकलेला असतो. हा भाग मुलांकडे परत कसा सोपवावा आणि त्यासाठी मोबाइलवर स्वतः चित्रित केलेला एखादा छोटा व्हिडिओ व आपल्या परिसरातील खरे व्यवहार कसे वापरावेत, याचे मार्गदर्शन करण्याचा येथे प्रयत्न आहे. तिसरी ते पाचवीचे वर्ग आणि कोल्हापूर शहर व परिसरातील शाळा डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

अडचण नेमकी कोठे आहे

मुलांना आकडेमोड येत नाही म्हणून शाब्दिक उदाहरणे चुकतात, हा समज पुष्कळ अंशी चुकीचा आहे. अमेरिकेत 1980च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या राष्ट्रीय चाचणीत 13 वर्षांच्या मुलांना एक उदाहरण घातले होते: एका लष्करी बसमध्ये 36 सैनिक बसतात, 1128 सैनिकांना न्यायचे आहे, तर किती बस लागतील? सुमारे 70 टक्के मुलांनी भागाकार अचूक केला. तरीही 32 बस हे योग्य उत्तर केवळ 23 टक्क्यांच्या आसपास मुलांनी दिले, आणि 29 टक्के मुलांनी उत्तर म्हणून सरळ "31, बाकी 12" असे लिहिले. बाकी उरलेले 12 म्हणजे रस्त्यावर उभे राहिलेले 12 सैनिक आहेत, हे त्या मुलांच्या मनात आलेच नाही, कारण भागाकार सुरू करताक्षणी सैनिक आणि बस दोन्ही त्यांच्या दृष्टीने संपले होते.

याची दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या 9 ते 15 वर्षांच्या मुलांचा एक अभ्यास 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. गाड्यावर गिऱ्हाईक म्हणून विचारलेल्या हिशेबांची सुमारे 98 टक्के उत्तरे या मुलांनी बरोबर दिली. तीच गणिते शाब्दिक उदाहरणे म्हणून दिल्यावर हे प्रमाण 74 टक्क्यांच्या आसपास आले आणि नुसती आकड्यांची मांडणी कागदावर दिल्यावर ते 37 टक्क्यांपर्यंत घसरले. त्यांतल्या एका मुलाला 35 क्रुझेरोला (क्रुझेरो हे ब्राझीलचे तेव्हाचे चलन) एक याप्रमाणे 10 नारळांची किंमत विचारली होती. त्याने तीन नारळांचे 105 धरले, त्यात आणखी तिनांचे मिळवून 210 केले, पुन्हा तीन मिळवून 315 केले आणि शेवटी एका नारळाचे 35 घालून 350 सांगितले. दहाने गुणताना एक शून्य द्यायचे, ही शाळेतली युक्ती त्याने वापरलीच नाही, पण त्याची रीत बिनचूक होती. आई-वडिलांसोबत कपिलतीर्थ मंडईत किंवा गावच्या आठवडी बाजारात बसणारी अशी मुले आपल्याही वर्गात असतात, आणि गणिताच्या चाचणीत तीच मुले मागे पडताना दिसतात. तेव्हा बाजारात जागे असलेले त्यांचे डोके वर्गातही जागे ठेवायचे, एवढेच आपले काम आहे.

"एकूण आले की बेरीज, उरले आले की वजाबाकी" ही पाठ करून घेतलेली खूण या कामात मदत तर करत नाहीच, उलट अडथळा आणते. "सईकडे 12 चिंचोके आहेत, ते समीरच्या चिंचोक्यांपेक्षा 5 ने जास्त आहेत, तर समीरकडे किती?" हे उदाहरण अशा वर्गात घालून पाहावे. "जास्त" हा शब्द दिसताच निम्मा वर्ग बेरीज करून 17 उत्तर काढतो. ही खूण फळ्यावर लिहिलेली असेल तर ती आजच पुसावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्हिडिओ कोणता आणि कशासाठी

गणिताचा व्हिडिओ म्हटले की रीत समजावून सांगणारी चित्रफीत बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा ॲपवर असे साहित्य मिळते. उजळणीसाठी, किंवा गैरहजर राहिलेल्या मुलासाठी, ते उपयोगीही पडते. परंतु घटकाची सुरुवात अशा व्हिडिओने करू नये, कारण त्यात प्रश्न, माहिती, रीत आणि उत्तर या चारही गोष्टी कोणीतरी आधीच सांगून टाकलेल्या असतात आणि मुलांच्या वाट्याला केवळ पाहणे उरते.

आपल्याला हवा असलेला व्हिडिओ वेगळ्या जातीचा आहे. त्यात निवेदन नसते, आकडे जवळपास नसतात आणि तो अर्ध्यावरच थांबतो. या कल्पनेला चांगली परंपरा आहे. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात 1980च्या दशकाच्या अखेरीपासून पाचवी व त्यापुढील वर्गांसाठी व्हिडिओ डिस्कवर 12 गोष्टी तयार करण्यात आल्या. त्यांतल्या एका गोष्टीत एक माणूस नदीकाठी जाऊन जुनी बोट विकत घेतो. बोटीचे दिवे चालत नसतात. तेव्हा सूर्यास्तापूर्वी आणि असलेल्या इंधनात तो घरी पोहोचेल का, हे मुलांनी ठरवायचे असते. वेग, अंतर, टाकीची क्षमता असे सगळे तपशील गोष्टीत इकडेतिकडे विखुरलेले असतात, आणि मुलांना फीत मागे नेऊन ते शोधावे लागतात. पुढे 2010 नंतर डॅन मेयर या अमेरिकी शिक्षकाने हीच गोष्ट तीन भागांत सुटसुटीत मांडली: पहिल्या भागात कुतूहल जागे करणारे दृश्य, दुसऱ्यात मुलांनी मागितलेली माहिती, आणि तिसऱ्यात प्रत्यक्ष काय घडले ते दाखवणे. आपण हीच मांडणी वापरणार आहोत.

पहिली पायरी: आधी गणित, मग जागा

पुष्कळदा उलटे घडते. एखादे दृश्य आवडते, ते चित्रित केले जाते आणि मग त्यात गणित शोधण्याची धडपड सुरू होते. त्याऐवजी येत्या पंधरवड्यात कोणता घटक येणार आहे ते पाहावे, त्यातली नेमकी कोणती गोष्ट मुलांना समजायला हवी ते एका वाक्यात लिहावे आणि मगच जागेचा शोध घ्यावा. उदाहरणार्थ, "भागाकारातील बाकीचा अर्थ परिस्थितीनुसार बदलतो" हे वाक्य लिहिले की शाहू मार्केट यार्डातला गूळ भरण्याचा बॉक्स आपोआप डोळ्यांसमोर येतो. "फूट आणि इंच यांची वजाबाकी" असे लिहिले, तर पावसाळ्यातल्या पंचगंगेची पाणीपातळी आठवते.

निवडलेल्या प्रसंगाला एकच कसोटी लावावी: तिथल्या माणसाला हा प्रश्न खरोखर पडतो का? "राणीने 37 केळी घेतली" असे उदाहरण मुलांना खोटे वाटते, कारण केळी डझनावर मिळतात हे त्यांना ठाऊक असते. अशी उदाहरणे वारंवार घातली की शाळेतले गणित हा एक वेगळाच खेळ आहे आणि त्यात जगातले शहाणपण वापरायचे नसते, हा धडा मुले मुकाट्याने शिकतात. याउलट बॉक्समध्ये गुळाचे किती रवे, म्हणजे छोट्या ढेपा, बसतील हा प्रश्न गूळ व्यापाऱ्याला रोज पडतो, आणि दूध संस्थेच्या दहा दिवसांच्या बिलात घट का आली हा प्रश्न तर वर्गातल्या कित्येक घरांत पडतो.

हंगामाचेही भान ठेवावे. गुऱ्हाळे साधारणपणे दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतात. जूनमध्ये काहिलीचे, म्हणजे उसाचा रस उकळण्याच्या मोठ्या कढईचे, दृश्य मिळवायचे म्हटले तर ते मिळणार नाही. म्हणून वर्षाच्या नियोजनातच अशी दोन-तीन चित्रणे ठरवून ठेवावीत. वर्षाला दोन-तीन पुरेशी आहेत, प्रत्येक घटकासाठी व्हिडिओ करण्याचा हट्ट धरू नये.

दुसरी पायरी: चित्रण

यासाठी साधा मोबाइल पुरतो. तो आडवा धरावा, आणि शक्य असल्यास हातात न धरता पोत्यांच्या किंवा बॉक्सच्या थप्पीला टेकवून ठेवावा, म्हणजे चित्र हलत नाही. एका भागाची लांबी दीड मिनिटाच्या पुढे जाऊ देऊ नये. मागे गाणे लावू नये, स्वतः बोलू नये आणि "मुलांनो, आज आपण पाहणार आहोत" अशी प्रस्तावना तर मुळीच करू नये. जे आकडे आपल्याला लपवून ठेवायचे आहेत, उदाहरणार्थ बॉक्सवर छापलेले वजन किंवा दुकानातील दरफलक, ते चौकटीबाहेर राहतील याची काळजी घ्यावी. हा दोष वर्गात व्हिडिओ सुरू झाल्यावरच लक्षात येतो, आणि तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलाने उत्तर वाचूनही टाकलेले असते.

चित्रण करण्यापूर्वी दुकानदाराची किंवा गुऱ्हाळमालकाची परवानगी घ्यावी आणि कशासाठी चित्रण करत आहोत ते सांगावे. शाळेसाठी म्हटल्यावर बहुतेक जण उत्साहाने मदत करतात. काही जण तर मुलांना घेऊनच या म्हणतात, आणि ते जमत असेल तर व्हिडिओपेक्षा केव्हाही चांगले. मुलांचे चेहरे मात्र चित्रित करू नयेत, आणि व्हिडिओ स्टेटसवर ठेवू नये.

एक तांत्रिक सूचना येथेच करावीशी वाटते. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ आकसतो आणि काट्यावरचे किंवा पट्टीवरचे आकडे पुसट होतात. म्हणून फाइल केबलने किंवा पेन ड्राइव्हमधून घ्यावी, अथवा डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. आदल्या दिवशी शाळेच्या टीव्हीवर ती लावून शेवटच्या बाकावरून पाहावी. वीज गेल्यास तास वाया जाऊ नये म्हणून व्हिडिओतील तीन चौकटींचे मोठे छायाचित्र छापून जवळ ठेवणे पावसाळ्यात तरी आवश्यक समजावे.

तिसरी पायरी: दाखवा, थांबवा, गप्प राहा

आता एका पाठाचे उदाहरण सविस्तर पाहू. व्हिडिओत एक हमाल पुठ्ठ्याच्या रिकाम्या बॉक्समध्ये एक किलोचे गुळाचे रवे मांडत आहे. लांबीत पाच, रुंदीत तीन असा तळाचा थर तो पुरा करतो आणि पुढचा रवा उचलतो. तेथेच व्हिडिओ थांबतो.

यानंतर शिक्षकाने विचारावयाचा प्रश्न एकच आहे: "हे पाहून तुमच्या मनात काय आले?" आणि मग गप्प राहावे. ही शांतता नव्या शिक्षकाला फार लांब वाटते आणि तो घाईने स्वतःच गणिताचा प्रश्न सांगून टाकतो. तसे करू नये. मुले आधी चाचपडतात आणि मग बोलू लागतात: "त्याला मुंग्या लागत न्हाईत व्हय?", "एखादा रवा फुटला तर काय करत्यात?", "बॉक्सात किती बसत्यात?", "उचलायला जड हुईल का?" हे सर्व प्रश्न, गणिताचे असोत वा नसोत, मुलाच्याच शब्दांत फळ्यावर लिहावेत. भाषा प्रमाण करण्याची ही वेळ नव्हे. प्रश्न जसा आला तसा फळ्यावर गेला की तो आपला आहे असे मुलाला वाटते. मुंग्यांचा प्रश्न सोडून द्यायचा नाही, तो परिसर अभ्यासाच्या तासाला घ्यायचा, असे सांगून त्यासमोर खूण करावी. मग "यांतल्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर गणिताने काढता येईल?" असे विचारले की किती रवे बसतात आणि वजन किती होईल, हे दोन प्रश्न वर्ग स्वतःच निवडतो. क्वचित एखादा वर्ग अपेक्षित प्रश्नापर्यंत पोहोचतच नाही. तेव्हा शिक्षकाने "माझ्याही मनात एक प्रश्न आला" म्हणून तो फळ्यावर घालावा, त्यात काही बिघडत नाही.

चौथी पायरी: अंदाज

कोणतीही आकडेमोड करण्यापूर्वी प्रत्येकाने वहीत तीन संख्या लिहाव्यात: याहून कमी असूच शकत नाही अशी, याहून जास्त असूच शकत नाही अशी, आणि स्वतःचा अंदाज. पंधरा रवे तर दिसलेच आहेत, म्हणून "दहा" हे उत्तर अशक्य आहे, आणि पाचशे किलोचा बॉक्स एकट्या माणसाला उचलता येणार नाही, म्हणून "पाचशे" अशक्य आहे, असे युक्तिवाद येथे सहज होतात. गणितात कच्ची समजली जाणारी मुले या टप्प्यावर हिरिरीने बोलतात, कारण अंदाजाला चूक किंवा बरोबर असा शेरा नसतो. लिहिलेला अंदाज नंतर खोडू द्यायचा नाही, एवढा एकच नियम ठेवावा.

पाचवी पायरी: माहिती मुलांनी मागावी

पाठ्यपुस्तकातील उदाहरणात आवश्यक तेवढेच आकडे दिलेले असतात, आणि ते सगळे वापरायचे असतात हे मुलांनी ओळखलेले असते. म्हणूनच "एका जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 बकऱ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती?" या फ्रान्समधील प्रसिद्ध प्रश्नाला तेथील बरीचशी प्राथमिक शाळेतील मुले बिनदिक्कत 36 असे उत्तर देत होती. प्रत्यक्ष जीवनात आकडे असे ताटात वाढून मिळत नाहीत, ते मागावे लागतात, मोजावे लागतात आणि निरुपयोगी असतील तर बाजूला ठेवावे लागतात.

म्हणून आता विचारावे: "उत्तर काढायला तुम्हाला काय काय माहीत असायला हवे?" बॉक्सची उंची, रव्याची उंची, दोन थरांमध्ये पुठ्ठा घालतात का, अशा मागण्या आल्या पाहिजेत. जेवढे मागितले तेवढेच द्यावे. बॉक्सची आतली उंची 20 सेंटिमीटर, रव्याची उंची 9 सेंटिमीटर. कोणी रव्याचा भाव विचारला तर तोही सांगावा, आणि तो लागणार आहे का हे त्यालाच ठरवू द्यावे.

सहावी पायरी: सोडवणे

मुलांना दोघादोघांत काम करू द्यावे आणि शिक्षकाने वर्गात फिरत वह्या पाहाव्यात. येथे जे दिसते त्यासाठीच हा सारा खटाटोप आहे. कोणी 20 मधून 9 वजा करून 11 काढतो, पुन्हा 9 वजा करून 2 काढतो आणि दोन थर बसतात म्हणून 15 आणि 15 मिळवतो. कोणी 5 गुणिले 3 गुणिले 2 करतो. कोणी बॉक्सचे चित्र काढून उभे रकाने मोजतो. आणि कोणीतरी 20 भागिले 9 करून भागाकार 2, बाकी 2 काढतो, 15 गुणिले 2 म्हणजे 30 करतो आणि त्यात बाकीचे 2 मिळवून 32 उत्तर लिहितो.

हे 32 सोन्यासारखे आहे. त्यावर लगेच फुली मारू नये. उलट त्या जोडीची परवानगी घेऊन ती मांडणी फळ्यावर घ्यावी आणि वर्गाला विचारावे: "हे शेवटचे 2 कशाचे आहेत?" थोडा वेळ गोंधळ होतो. मग कोणाच्या तरी लक्षात येते की ते दोन रवे नसून दोन सेंटिमीटर आहेत, म्हणजे बॉक्सच्या तोंडाशी राहिलेली रिकामी जागा आहे. सेंटिमीटर आणि रवे यांची बेरीज होत नाही, हे शिक्षकाने शंभर वेळा सांगून जे साधत नाही ते येथे एका प्रश्नात साधते. ज्या मुलाने 32 लिहिले होते त्यालाच दुरुस्ती सांगण्याची संधी द्यावी.

लगेच पुढचा प्रश्न घालावा: "एका दुकानदाराने सव्वाशे किलो गूळ मागवला, तर किती बॉक्स लागतील?" एका बॉक्समध्ये 30 किलो धरून 125 भागिले 30 केले की 4 पूर्ण बॉक्स भरतात आणि 5 किलो उरतात. मघाशी बाकी सोडून दिली, आता मात्र तिच्यासाठी पाचवा बॉक्स घ्यावा लागतो. बाकीचे काय करायचे हे भागाकार सांगत नाही, प्रसंग सांगतो, ही गोष्ट एकाच तासात दोन्ही बाजूंनी दिसल्यामुळे पक्की बसते. पुढे सहलीचे नियोजन करताना पन्हाळ्याला किती गाड्या लागतील हा हिशेब मुलांवरच सोपवावा.

सातवी पायरी: काय घडले ते पाहणे

आता व्हिडिओचा तिसरा भाग लावावा. हमाल दुसरा थर पुरा करतो, वर उरलेल्या फटीत रद्दी कागद दाबून बसवतो आणि बॉक्स चिकटवून काट्यावर ठेवतो. उत्तर शिक्षकाच्या तोंडून न येता पडद्यावर येते, याचा मुलांवर होणारा परिणाम फार मोठा असतो. काट्यावर मात्र 30 किलो न दिसता 30 किलो 400 ग्रॅम दिसते. आपले गणित चुकले का? येथे चर्चेला पाच मिनिटे ठेवावीत. बॉक्सचे स्वतःचे वजन, हाताने केलेल्या रव्यांच्या वजनातला थोडा फरक, रद्दी कागद, अशी कारणे मुले स्वतः शोधतात. वास्तव आपल्या उत्तराशी तंतोतंत जुळले नाही तर शिक्षकाने ओशाळण्याचे कारण नाही. फरक किती आहे आणि तो का आहे हे सांगता येणे हेही गणितच आहे.

शेवटी अंदाजाच्या वह्या उघडून कोणाचा अंदाज जवळ आला ते पाहावे. उदाहरण समजून घेणे, आराखडा करणे, तो अमलात आणणे आणि मागे वळून तपासणे, असे चार टप्पे मूळचे हंगेरीचे गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी 1945 मध्ये मांडले होते. यांतला चौथा टप्पा आपल्याकडे तासाची घंटा झाल्यामुळे नेहमी बुडतो. म्हणून हा पाठ एका तासात कोंबण्यापेक्षा लागोपाठचे दोन तास मागून घ्यावेत.

व्हिडिओशिवाय चालणारा एक प्रसंग: पंचगंगेची पातळी

प्रत्येक वेळी चित्रणाची गरज नसते. जुलै-ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी रोज वर्तमानपत्रात येते, आणि इशारा पातळी 39 फूट व धोका पातळी 43 फूट हे आकडे येथल्या घराघरांत ठाऊक असतात. पाचवीच्या वर्गाला असे कात्रण दाखवून विचारावे: सकाळी पाणी 34 फूट 6 इंचांवर आहे आणि तासाला 3 इंच वाढत आहे, तर इशारा पातळी कधी गाठली जाईल?

पहिली हमखास चूक म्हणजे 34 फूट 6 इंच हे 34.6 असे लिहून 39 मधून वजा करणे, आणि 4.4 असे उत्तर काढणे. फूटपट्टी हातात देऊन एका फुटात इंच किती हे मोजायला लावले की फरक 4 फूट 6 इंच, म्हणजे 54 इंच आहे हे समजते, आणि 54 भागिले 3 करून 18 तास मिळतात. पण खरा पाठ यानंतर सुरू होतो. "उद्या अमुक वाजता पाणी 39 फुटांवर येईल" असे आपण गावाला सांगू शकतो का? पाऊस थांबला तर? राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले तर? मुले या गोष्टी मोठ्यांच्या बोलण्यातून ऐकत असतात. त्यामुळे "वाढीचा वेग असाच राहिला तर 18 तासांनी" असे अटीसह उत्तर लिहिण्याची गरज त्यांना लगेच पटते, आणि नुसत्या "18" या उत्तरापुढचे अपुरेपणही दिसते. पातळीची दर दोन तासांची नोंद दोन-तीन दिवसांच्या वर्तमानपत्रांतून किंवा बातम्यांतून मिळाली, तर वेग बदलतो हे आलेखावर दाखवता येते.

हा प्रसंग घेताना दोन पथ्ये पाळावीत. पुराचे चित्रण करण्यासाठी शिक्षकाने किंवा मुलांनी पाण्याजवळ जाऊ नये, छापील छायाचित्र पुरेसे आहे. दुसरे असे की चिखली-आंबेवाडीसारख्या गावांत किंवा शिरोळ तालुक्यात 2019 आणि 2021 च्या पुराने घर सोडावे लागलेली कुटुंबे आहेत. वर्गात अशा घरातली मुले असतील तर हा प्रश्न ऐन पावसाळ्यात घेऊ नये, आणि घेतला तरी त्यांच्या आठवणी वर्गासमोर बोलण्याचा आग्रह धरू नये.

दूध संस्थेच्या बिलाविषयी थोडक्यात एवढेच सांगतो की, पावतीवरील नाव व खाते क्रमांक झाकून ती वापरावी आणि फॅटनुसार दर बदलतो हे आधी समजावून घ्यावे. लिटर वाढूनही पैसे कमी का आले, हा त्यातला सर्वांत चांगला प्रश्न आहे.

छापील उदाहरणाकडे परत

हे सर्व करून मुले शेवटी परीक्षेत छापील उदाहरणच सोडवणार आहेत, आणि शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करून घेणारे पालक तुम्हाला हे बोलून दाखवतीलच. त्यांची काळजी अवाजवी नाही. व्हिडिओवरून थेट छापील मजकुरावर उडी मारता येत नाही, मध्ये एक पूल बांधावा लागतो. त्यासाठी व्हिडिओचा पाठ झाल्यावर दुसऱ्या दिवशी मुलांनाच त्या प्रसंगावर शाब्दिक उदाहरण लिहायला सांगावे. माहिती काय द्यायची, काय गाळायची आणि प्रश्न कोणत्या शब्दांत विचारायचा हे ठरवताना उदाहरण आतून कसे बांधलेले असते ते त्यांना दिसते. ही उदाहरणे आपसांत बदलून सोडवावीत. अपुरी माहिती दिलेली उदाहरणे यात हमखास निघतात, आणि ती ओळखण्याचा सराव फार मोलाचा ठरतो.

त्यानंतर पाठ्यपुस्तकातील उदाहरण घ्यावे, पण त्यातला शेवटचा प्रश्न झाकून. "एका पोत्यात 50 किलो तांदूळ आहे, त्यातून 2 किलोच्या पिशव्या भरल्या" एवढेच वाचून थांबावे आणि नेहमीचा प्रश्न विचारावा: मनात काय आले? पुढे हळूहळू झाकणे बंद करावे. उदाहरण वाचल्यावर डोळे मिटून दृश्य उभे करायचे, अंदाज लिहायचा, सोडवायचे आणि उत्तर एककासह पूर्ण वाक्यात लिहायचे, एवढा क्रम राहिला तरी पुरे.

वह्या तपासताना उत्तराच्या आकड्याला एक गुण आणि त्या वाक्याला एक गुण द्यावा. "5 बॉक्स लागतील, पाचवा पूर्ण भरणार नाही" असे लिहिणाऱ्याला दोन्ही गुण मिळावेत, आणि "4, बाकी 5" लिहिणाऱ्याच्या वहीत फुली न मारता "हे 5 किलो कोठे ठेवायचे?" असे लिहून वही परत द्यावी. व्हिडिओचे तीन भाग तीन स्वतंत्र फाइलींत ठेवावेत आणि त्यांना इयत्ता व घटकाचे नाव द्यावे. एकाच फाइलीत ठेवले तर थांबवायला क्षणभर उशीर होतो आणि दुसरा थर दिसून जातो.